प्रकाश, ध्वनी आणि स्तूप : आपला वारसा कसा दाखवावा?

ऐतिहासिक वास्तूच्या प्रांगणात सूर्यास्तानंतर रंगीत प्रकाश, संगीत आणि निवेदन यांच्या साहाय्याने तिचा इतिहास सांगण्याची पद्धत आता आपल्या देशात चांगलीच रुळली आहे. या पद्धतीचा उगम फ्रान्समध्ये झाला. १९५२ साली शाम्बोर येथील राजवाड्यावर असा पहिला कार्यक्रम झाला. भारतात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर १९६५ साली तो आला. पुढे सांचीच्या स्तूपाजवळ आणि अलीकडे, २०२० साली, सारनाथलाही प्रकाश-ध्वनी कार्यक्रम सुरू झाला. आपल्या नागपुरात फुटाळा तलावावरील संगीत कारंज्याच्या चाचणी प्रयोगांना लोटलेली गर्दी अनेकांनी पाहिली आहे. त्यामुळे दीक्षाभूमीवर, पवनीला किंवा मनसरला असे काही व्हावे काय, हा विचार समाजात बोलला जाणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाला होकार किंवा नकार देण्यापूर्वी या तंत्राचा अभ्यास करावा, असे आम्हांस वाटते. हे तंत्र काय करू शकते, कोठे ते उपकारक ठरते, कोठे अपायकारक, आणि अखेर त्यातून बोलणार कोण, या चार मुद्द्यांचा विचार या लेखात केला आहे.

१. प्राचीन शिल्पकारांची प्रकाशदृष्टी

प्रकाश आणि ध्वनी यांचा योजनापूर्वक वापर ही आजची कल्पना नव्हे. चैत्यगृहाची रचना आठवावी. दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराचे मोठे गवाक्ष असते. आत दोन्ही बाजूंस स्तंभांची रांग आणि टोकाला स्तूप. गवाक्षातून येणारा प्रकाश मधल्या दालनातून थेट स्तूपावर पडतो आणि स्तंभांमागील प्रदक्षिणामार्ग अंधुक राहतो. आत येणाऱ्याची दृष्टी कोणी न सांगता स्तूपाकडे जाते. कार्ले येथील चैत्य असो वा अजिंठ्याचे एकोणिसाव्या क्रमांकाचे लेणे, प्रकाश कोठे पडावा याइतकाच तो कोठे पडू नये, याचाही विचार तेथे केलेला दिसतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बुद्धमूर्तीसमोर वाटाडे एक गोष्ट आवर्जून दाखवतात. दिवा एका बाजूने धरला तर मुद्रा गंभीर भासते, दुसऱ्या बाजूने धरला तर ओठांवर स्मित उमटल्यासारखे वाटते आणि समोरून धरला तर ध्यानमग्न शांती दिसते. वीज येण्यापूर्वी आणि नंतरही बराच काळ, लेण्याबाहेर आरसा ठेवून सूर्यप्रकाश आत वळवण्याची आणि पांढऱ्या कापडावरून तो मंद करून भित्तिचित्रांवर पसरवण्याची युक्ती तेथे वापरली जात असे.

ध्वनीचेही तसेच आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कमानदार छताखाली उच्चारलेला एक शब्द बराच वेळ घुमत राहतो. त्या दालनात सामूहिक वंदना संथ लयीत म्हटली की प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला येऊन मिळतो. तेच वाक्य भराभर म्हटले की काही कळत नाही. वास्तूच उच्चाराची गती ठरवते.

२. नवे तंत्र कसे चालते

आजच्या तंत्रात वास्तूचे प्रथम मोजमाप घेतले जाते. लेझर किरणांनी किंवा अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून तिची त्रिमितीय प्रतिकृती संगणकात तयार होते. त्या प्रतिकृतीवर चित्रे अशी बसवली जातात की घुमटाच्या वक्रतेवर पडूनही ती वाकडी दिसत नाहीत. अनेक प्रोजेक्टरांची चित्रे एकमेकांच्या कडांवर बेमालूम मिसळली जातात आणि एकच संगणक प्रकाश, निवेदन व संगीत यांची वेळ जुळवतो. भिंतीला खिळा न ठोकता, रंगाचा हात न लावता हे सारे होते, हा या तंत्राचा मोठा गुण आहे. दिवा मालवला की वास्तू होती तशी.

प्रकाशाचे गणित विद्यार्थ्यांना सहज करता येईल. प्रोजेक्टरचा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. एखाद्या पृष्ठभागाच्या एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला तर त्याला एक लक्स म्हणतात. २०,००० ल्युमेनच्या प्रोजेक्टरचा सर्व प्रकाश ४०० चौरस मीटर पृष्ठावर पसरला तर तेथे ५० लक्स प्रकाश पडेल. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही, म्हणून अंधाऱ्या माळरानावर हे ५० लक्स लखलखीत दिसतील. परंतु शहराच्या मध्यभागी, रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात, तेच चित्र फिके पडेल. मग अधिक प्रखर प्रोजेक्टर आणावे लागतात, त्यांची उष्णता वाढते, खर्च वाढतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात ही यंत्रे धूळ आणि उष्णतेपासून वाचवण्यासाठी थंड ठेवलेल्या बंदिस्त पेट्या लागतात, हा खर्च तर अंदाजपत्रकात अनेकदा विसरला जातो.

ध्वनीचे गणित त्याहून बोधप्रद आहे. दालनात आवाज किती वेळ घुमेल हे काढण्याचे सोपे सूत्र असे : दालनाचे घनफळ गुणिले ०.१६ भागिले ध्वनी शोषून घेणारे प्रभावी क्षेत्रफळ. समजा, दहा मीटर त्रिज्येचा दगडी अर्धगोल घुमट आहे. त्याचे घनफळ सुमारे २,०९४ घनमीटर आणि घुमट व फरशी मिळून पृष्ठफळ सुमारे ९४२ चौरस मीटर होते. घासलेला दगड आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा जेमतेम दोन टक्के भाग शोषतो, म्हणजे प्रभावी क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस मीटर. उत्तर येते सुमारे १८ सेकंद. भाषण स्पष्ट कळण्यासाठी हा काळ एका सेकंदाच्या आसपास असावा लागतो. आता त्याच घुमटाखाली दोनशे माणसे बसली आणि प्रत्येकाने सुमारे ०.४ चौरस मीटर इतके शोषण केले असे धरले, तर हा काळ साडेतीन सेकंदांच्या जवळ येतो. माणसांनी भरलेली वास्तू निराळी ऐकू येते, ती अशी. रिकाम्या घुमटात मोठे ध्वनिक्षेपक लावणे हा उपाय नव्हे, कारण आवाज जितका वाढवावा तितकाच त्याचा निनादही वाढतो. लहान लहान ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या जवळ, मंद आवाजात लावणे किंवा कानावरचे श्रवणयंत्र देणे, हेच तेथे योग्य ठरते.

३. अजिंठा : जेथे प्रकाशच शत्रू आहे

या तंत्राचा मोह सर्वांत अधिक अजिंठ्याबाबत होतो आणि सर्वांत मोठा धोकाही तेथेच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, तेव्हापासून बाहेरच्या जगाचा ओघ सुरू झाला. वाकाटकांच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, ही चित्रे माती, भुसा व तंतू यांच्या गिलाव्यावर कोरड्या पृष्ठावर रंगवलेली आहेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाची नोंद करतो. हरिषेणाची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. अजिंठा हा अशा रीतीने विदर्भाचाही वारसा आहे.

प्रकाशामुळे रंगाची होणारी हानी साचत जाते. ५० लक्स प्रकाश दहा तास पडला काय किंवा ५०० लक्स एक तास पडला काय, रंगावर पडलेल्या प्रकाशाची एकूण मात्रा सारखीच. संग्रहालयांत नाजूक रंगकामासाठी ५० लक्सची मर्यादा पाळण्याचा प्रघात आहे. त्यात श्वासातील बाष्प आणि उष्णता यांची भर पडते. जपानच्या अर्थसाहाय्याने झालेल्या संवर्धन प्रकल्पात म्हणूनच प्रकाशतंतूंवर आधारित थंड प्रकाशव्यवस्था आणली गेली. तेव्हा चित्रांवरच चित्रे प्रक्षेपित करणे किंवा सुटत चाललेल्या गिलाव्याजवळ कंप उत्पन्न करणारे जड ध्वनी वाजवणे, हा विचारही करू नये.

याला पर्याय आहे तो प्रतिकृतीचा. अजिंठ्याच्या चित्रांची नक्कल करण्याचा इतिहास हा स्वतंत्र धडा आहे. रॉबर्ट गिल याने १८४४ नंतर अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाल्या. आज संगणकीय प्रतिमा अनेक ठिकाणी जतन करता येतात, हा मोठाच दिलासा आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी २०१३ साली अभ्यागत केंद्र सुरू झाले. त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या होत्या. मूळ चित्रांवरचा भार हलका व्हावा, हा हेतू उत्तम होता. पण काही वर्षांतच थकलेल्या वीज-पाणी देयकांपायी केंद्र बंद पडले. उद्घाटनाला पैसा मिळतो, दहाव्या वर्षाच्या वीजबिलाला मिळत नाही. कोणत्याही प्रकाश-ध्वनी योजनेचा आराखडा समोर आला की प्रथम देखभालीचे पान उघडून पाहावे, हा व्यवहार अजिंठ्याने आपणांस शिकवला आहे.

४. पवनी आणि मनसर : जेथे वास्तू उरलेली नाही

नागपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यात विटांचा प्रचंड स्तूप आढळला. आकाराने तो सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा. सांचीचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे, यावरून कल्पना यावी. कठड्याच्या स्तंभांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली होती आणि बोधिवृक्ष, रिक्त आसन अशा चिन्हांतून बुद्धाचे पूजन दाखवले होते. सांचीला जगभरचे लोक जातात. पवनीचे नाव मात्र विदर्भातील सुशिक्षितांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, कारण तेथे पाहावयास उभे असे फारसे काही नाही.

प्रकाशाचे तंत्र खरे उपयोगी पडेल ते अशा ठिकाणी. रात्रीच्या अंधारात टेकडीवर प्रकाशरेषांनी अंड, हर्मिका व छत्र यांची आकृती उभी करता येईल, कठड्याचे वर्तुळ जमिनीवर रेखता येईल, एकेका स्तंभावरचे दात्याचे नाव उजळून उच्चारता येईल. झीज होण्यासारखी रंगचित्रे तेथे नाहीत आणि विटांना स्पर्श करण्याची गरज नाही. अफगाणिस्तानातील बामियान येथे ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आल्या. जून २०१५ मध्ये एका चिनी दांपत्याने त्यांपैकी मोठ्या मूर्तीच्या रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाची मूर्ती उभी केली. दगड परत आला नाही, पण तेथे काय होते हे त्या रात्री लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

मात्र पवनीत वरचा भाग कसा होता हे उत्खननातून पूर्ण कळत नाही. मग प्रकाशाने काय काढावे? अशा संगणकीय पुनर्रचनांसाठी अभ्यासकांनी केलेली ‘लंडन सनद’ २००९ साली सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झाली. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. पवनीत हे साध्या रीतीने करता येईल. उत्खननात मिळालेला भाग भरीव प्रकाशात आणि अनुमानित भाग केवळ तुटक रेषांत दाखवावा. दहा वर्षांच्या मुलालाही तो भेद कळेल.

मनसरला ही सावधगिरी अधिकच लागते. रामटेकजवळच्या या स्थळी १९९७-९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले आणि भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकारातील नागार्जुन स्मारक संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. परंपरेने हे स्थळ आचार्य नागार्जुनांशी जोडले जाते. दुसरीकडे अनेक अभ्यासक त्याला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर मानतात आणि हिडिंबा टेकडीवरील अवशेषांत शैव मंदिर पाहतात. आपला समाज या स्थळाशी भावनेने जोडलेला आहे, हे आम्ही जाणतो. तरीही मनसरचे निवेदन लिहिण्याची वेळ आली तर त्यात दोन्ही मते आणि त्यांचे पुरावे यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही शिकवण ज्याची, त्याच्या नावाने अतिशयोक्ती ध्वनिक्षेपकावरून सांगणे शोभणार नाही. शिवाय आपल्या स्थळांच्या इतिहासावर दुसऱ्यांनी पुराव्याविना दावा केला की आपण दुखावतो. मग पुराव्याचा आग्रह आपल्यापासून सुरू व्हावयास हवा.

५. दीक्षाभूमी : जेथे माणसेच वास्तू आहेत

दीक्षाभूमीचा प्रश्न निराळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, येथे एक मोकळे मैदान होते. त्या मैदानावर बाबासाहेबांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. वास्तुशिल्पी शिवदान मल यांनी आरेखिलेला स्तूप पुढे उभा राहिला. १९७८ साली सुरू झालेले काम दीर्घकाळ चालले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घुमटाचा व्यास १२० फूट आणि उंचीही तेवढीच. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ आहे. माणसांना आत घेणारा हा स्तूप आहे.

त्याच्या उजळ, गोल पृष्ठभागावर चित्रे उत्तम उमटतील, यात तांत्रिक शंका नाही. परंतु हे नित्य वंदनेचे स्थान आहे. सायंकाळी कुणी आजी नातवाचा हात धरून प्रदक्षिणा घालत असते, कुणी विद्यार्थी बोधिवृक्षाखाली बसून असतो. श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाचा वंश सांगणारा तो वृक्ष, त्यावर विसावणारे पक्षी, यांनाही रात्रीचा अंधार हवा असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी तर खेड्यापाड्यांतून आलेली लाखो माणसेच तेथले दृश्य असतात. त्या दिवशी घुमटावर चलत्चित्रे दाखवली तर सर्वांचे मोबाइल वर होतील आणि वंदनेसाठी जोडलेले हात सुटतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोकांचा रोष उसळला आणि शासनाला काम थांबवावे लागले. ज्यांचे ते स्थान आहे त्यांना आधी विचारावे, हा त्या घटनेचा सरळ अर्थ आहे. यंत्रे विकत घेण्यापूर्वी समाजाची सभा व्हावी.

आमची सूचना अशी की, दीक्षाभूमीवर प्रकाश शांत व स्थिर असावा आणि इतिहासाचे कथन परिसरातील किंवा परिसराबाहेरील स्वतंत्र दालनात व्हावे. त्या दालनात मैदानाचे १९५६ चे रूप चारही भिंतींवर उभे करता येईल आणि पाहणारा जणू त्या जनसमुदायात उभा राहील. पण तेथे बाबासाहेबांचा आवाज कोणता ऐकवावा? त्यांच्या मूळ आवाजाची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. बीबीसीने १९५५ साली घेतलेली मुलाखत त्यांतील प्रसिद्ध होय. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही आवाज बनवता येतो आणि तो न उच्चारलेली वाक्ये बोलू शकतो. बाबासाहेबांनी जे उच्चारले ते मूळ ध्वनिमुद्रणातूनच ऐकवावे. जे केवळ छापील स्वरूपात आहे ते निवेदकाने वाचावे आणि निवेदक वाचतो आहे हे सांगावे. नकली आवाजात खरे वाक्य ऐकवण्याची सवय लागली तर उद्या त्याच आवाजात कोणी खोटे वाक्य घालील आणि आपल्या नातवंडांना फरक ओळखता येणार नाही.

६. संहिता कोणी लिहावी

यंत्रे कोणालाही विकत मिळतात. कार्यक्रमाची योग्यता ठरते ती संहितेवरून. आजवरच्या अनेक कार्यक्रमांत राजे बोलतात, सेनापती बोलतात, नद्या आणि वृक्षही बोलतात. दगड घडवणारा, गिलावा करणारा, एक स्तंभ दान देणारी उपासिका मात्र क्वचितच बोलते. पवनीच्या स्तंभांवर अशा सामान्य दात्यांची नावे आहेत. १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात पायी, बैलगाडीने आणि आगगाडीने आलेल्यांच्या कथा आपल्या घरोघरी आहेत. या दोन ठेव्यांतून आपली संहिता उभी राहू शकते. ती मराठीत आधी लिहावी, हिंदी व इंग्रजी रूपांतर नंतर व्हावे. आज नव्वदीच्या घरात असलेल्या साक्षीदारांच्या आठवणी मुद्रित करून ठेवणे मात्र थांबू शकत नाही. प्रोजेक्टर पुढच्या वर्षी अधिक चांगला मिळेल, ते आवाज मिळणार नाहीत.

आमचे माजी विद्यार्थी आज विद्युत अभियांत्रिकी, संगणक, चित्रकला, इतिहास अशा अनेक क्षेत्रांत आहेत. त्यांनी सुट्टीतले काही दिवस दिले तर शाळेतील मुलांच्या मदतीने पवनीच्या स्तूपाची लहान प्रतिकृती आणि पंधरा मिनिटांचे निवेदन तयार होणे अवघड नाही. पांढऱ्या चुन्याने लिंपलेला मातीचा अर्धगोल आणि एक साधा प्रोजेक्टर एवढ्यावर हा प्रयोग होतो. पालकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुलांकडून लिहवून घ्याव्यात, ही विनंती.

विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पुढील प्रश्न देत आहोत :

(१) आपल्या वसतिगृहाच्या सभागृहाचे घनफळ काढा. रिकाम्या व भरलेल्या सभागृहात टाळी वाजवून आवाज किती वेळ घुमतो ते घड्याळावर पाहा. फरकाचे कारण लिहा.

(२) बुद्धमूर्तीच्या छायाचित्राऐवजी लहान मूर्ती घ्या. विजेरीचा प्रकाश तीन दिशांनी टाकून प्रत्येक वेळी चेहऱ्यावर काय दिसते ते नोंदवा. विजेरी मूर्तीच्या पातळीपेक्षा खाली का धरू नये?

(३) पवनी किंवा मनसर यांपैकी एका स्थळासाठी दोनशे शब्दांचे निवेदन लिहा. पुराव्याने सिद्ध असलेली वाक्ये निळ्या शाईने व अनुमानाची वाक्ये पेन्सिलीने लिहा.

(४) घरातील ज्येष्ठांना विचारा : दीक्षाभूमीवर त्या प्रथम कधी गेल्या, कोणाबरोबर गेल्या, आणि तेथे त्यांनी काय ऐकले? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून काढा, आपल्या भाषेत सुधारू नका.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शाळेच्या ग्रंथालयात एका स्वतंत्र वहीत जतन केली जावीत, असे आम्ही सुचवितो. पवनीचा किंवा दीक्षाभूमीचा कार्यक्रम जेव्हा होईल तेव्हा त्याची संहिता लिहिणाऱ्याला ही वही हाताशी असावी.